ग्रेगरीची दोन पत्रे

दिवाळी जवळ आली, पोळ्याचे बैल सजू लागले, किंवा गावदेवीच्या जत्रेचा दिवस ठरला, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक जुना प्रश्न दरसाल नव्याने उभा राहतो. ख्रिस्ती मनुष्याने त्या दिवसांत दारात पणती लावावी काय? शेजाऱ्याने प्रेमाने पाठविलेला फराळ घ्यावा काय? वर्षभर राबलेल्या बैलांना पोळ्याच्या दिवशी विसावा देऊन गोड घास चारावा काय? कोणी म्हणतात की, जो अंधारातून निघाला त्याने अंधाराकडे मान वळवून पाहूही नये. कोणी म्हणतात की, दिवा हा दिवाच आहे, आणि घरात आनंद केला तर त्यात पाप ते कोणते? बोलण्याने बोलणे वाढते, आणि कधी कधी एकाच मंडळीतील दोन घरे प्रभुभोजनाच्या दिवशीही एकमेकांकडे पाहत नाहीत. पुढे डिसेंबर महिना आला म्हणजे तोच प्रश्न उलट बाजूने येतो. नाताळचा सणच मुळी रोमी लोकांच्या सूर्यपूजेतून निघाला असे कोणी तरी ऐकून येतो, आणि साध्या भाविकांच्या मनात काटा रुततो.

हा प्रश्न केवळ आमच्या देशाचा नव्हे. जेथे जेथे शुभवर्तमान गेले, तेथे तेथे तो उभा राहिला आहे. चौदाशे वर्षांपूर्वी एका मनुष्याला सबंध एका राष्ट्रासाठी त्याचे उत्तर द्यावे लागले, आणि त्याने एकाच उन्हाळ्यात दोन वेळा, दोन निरनिराळी उत्तरे दिली. त्याचे नाव ग्रेगरी. इतिहास त्याला महान ग्रेगरी म्हणतो. तो रोमचा बिशप, म्हणजे पोप होता. आम्ही प्रॉटेस्टंट लोक त्या गादीचा अधिकार मानीत नाही, आणि ग्रेगरीची सर्व मतेही आम्हांस मान्य नाहीत. तरी त्याच्या चरित्रात आमच्या मंडळ्यांना उपयोगी पडेल असा बोध आहे असे वाटल्यावरून ते आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

ग्रेगरीचा जन्म रोम शहरात इ. स. ५४० च्या सुमारास झाला. त्याचे घराणे मोठे श्रीमंत व मानाचे होते. बापाचे नाव गॉर्डियानस व आईचे सिल्विया. परंतु ज्या रोममध्ये तो वाढला ते जुने वैभवाचे रोम राहिले नव्हते. गॉथ लोकांच्या व बादशाही सैन्याच्या लढायांत ते शहर पुनःपुन्हा वेढले गेले होते. पाण्याचे नळ फुटले होते, वाडे ओस पडले होते. पुढे उत्तरेकडून लोंबार्ड लोक उतरले व त्यांनी इटलीचा बराच भाग घेतला. अशा काळात ग्रेगरी राजकारभारात शिरला, आणि इ. स. ५७३ च्या सुमारास तो रोमचा नगराधिकारी झाला. तिशी उलटते न उलटते तोच शहरातील सर्वांत मोठे सरकारी पद त्याच्या हाती आले.

पण त्याचे मन त्यात रमले नाही. बाप वारल्यावर त्याने अधिकाराची वस्त्रे उतरविली, सीलियन टेकडीवरील आपल्या वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला, सिसिली बेटातील आपल्या जमिनींवर आणखी सहा मठ स्थापिले, आणि स्वतः आपल्याच घरात एक साधा मठवासी होऊन राहिला. उपासतापासांनी त्याचे पोट कायमचे बिघडले. पुढे संधिवातानेही त्याला ग्रासले. तरी ही मठातील वर्षेच आपल्या आयुष्यातील सुखाची होती असे तो अखेरपर्यंत मानीत असे.

ते सुख फार दिवस टिकले नाही. इ. स. ५७९ त पोप दुसरा पेलाजियस याने त्याला आपला वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपल येथे बादशहाच्या दरबारी पाठविले. तेथे तो सहासात वर्षे राहिला. परतल्यावर काही वर्षांनी, म्हणजे इ. स. ५८९ त, टायबर नदीला मोठा पूर आला. धान्याची कोठारे बुडाली. आणि पाठोपाठ महामारी सुरू झाली. तीत पेलाजियसही मरण पावला. लोकांनी एकमुखाने ग्रेगरीला निवडिले. त्याने ते ओझे टाळण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. इ. स. ५९० च्या ३ सप्टेंबरास त्याची स्थापना झाली.

पुढील साडेतेरा वर्षे तो रोमचा केवळ बिशप नव्हता. त्या अनाथ शहराचा तोच मायबाप होता. बादशहा दूर, फौज थोडी, आणि लोंबार्ड दारात. इ. स. ५९३ त लोंबार्डांचा राजा अगिलुल्फ शहरासमोर येऊन ठेपला, तेव्हा यहेज्केलावर चाललेली आपली प्रवचने ग्रेगरीला अर्धवट सोडावी लागली, आणि शेवटी पैसा देऊन त्याने शहर वाचविले. चर्चच्या जमिनींचे उत्पन्न तो गोरगरिबांस वाटीत असे. कोणास किती धान्य, किती कपडा द्यावयाचा, ह्याची यादी ठेविलेली असे. त्याची आठशेंहून अधिक पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांतील काही आमच्या शेतकरी वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी आहेत. सिसिलीत चर्चच्या जमिनी कसणाऱ्या कुळांकडून मोठ्या मापाने धान्य घेतले जाते असे त्याला कळले, तेव्हा त्याने आपल्या कारभाऱ्यास ती खोटी मापे बंद करण्याचा सक्त हुकूम केला. गरिबाच्या लुबाडणुकीचा पैसा चर्चच्या पेटीत नको, असे त्याचे म्हणणे होते.

अशा मनुष्याच्या हृदयात इंग्लंडविषयी आस्था कशी उत्पन्न झाली? आदरणीय बीड नावाचा विद्वान इंग्लिश मठवासी होऊन गेला. त्याने इ. स. ७३१ त आपल्या देशाच्या मंडळीचा इतिहास पुरा केला. त्यात तो एक परंपरेने आलेली कथा सांगतो. ग्रेगरी पोप होण्यापूर्वी एकदा रोमच्या बाजारात गेला असता तेथे गोऱ्या वर्णाची व सुंदर केसांची काही मुले गुलाम म्हणून विकावयास उभी होती. ती अँगल जातीची आहेत व त्यांचे लोक मूर्तिपूजक आहेत असे ऐकून त्याला हळहळ वाटली. त्या जातीचे नाव ऐकून त्याला देवदूतांचे नाव आठवले. आणि आपणच त्या देशास जावे असे त्याने मनात घेतले, पण रोमच्या लोकांनी त्याला जाऊ दिले नाही. ही कथा जशीच्या तशी घडली असो वा नसो, इ. स. ५९५ त त्याने फ्रँकांच्या देशातील आपल्या कारभाऱ्यास लिहिलेले पत्र मात्र आहे. सतराअठरा वर्षांची इंग्लिश गुलाम मुले विकत घ्यावी व मठांत ठेवून त्यांस देवाच्या सेवेसाठी शिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले आहे.

पुढच्याच वर्षी, इ. स. ५९६ त, त्याने आपल्या मठाचा प्रमुख ऑगस्टीन याला काही सोबत्यांसह इंग्लंडास रवाना केले. वाटेत त्यांचे धैर्य खचले. ज्यांची भाषाही आपणास येत नाही अशा रानटी लोकांत जाण्यापेक्षा परत फिरावे, असे त्यांना वाटले, व ऑगस्टीन तशी विनंती घेऊन रोमास परत आला. ग्रेगरीने त्याला धीर देऊन पुन्हा पाठविले. इ. स. ५९७ त सुमारे चाळीस जण केंट प्रांताच्या किनाऱ्यास उतरले. तेथील राजा एथेलबर्ट मूर्तिपूजक होता. परंतु त्याची राणी बर्था ही फ्रँक राजघराण्यातील ख्रिस्ती स्त्री होती, व कँटरबरीजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये ती प्रार्थना करीत असे. ह्या परक्या माणसांनी काही जादू करू नये म्हणून राजा त्यांना घरात न भेटता उघड्या मैदानात भेटला. त्यांचे बोलणे ऐकून त्याने त्यांस राहावयास जागा व उपदेश करण्यास मोकळीक दिली. काही काळाने त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याच साली नाताळच्या दिवशी दहा हजारांहून अधिक इंग्रजांचा बाप्तिस्मा झाल्याचे ग्रेगरीने आलेक्झांड्रियाच्या बिशपास मोठ्या आनंदाने कळविले.

येथे खरी अडचण सुरू झाली. दहा हजार लोक पाण्यातून निघाले; पण संध्याकाळी ते गेले कोठे? आपल्याच गावात, जेथे त्यांच्या वाडवडिलांचे देऊळ उभे होते व वर्षाचे सण त्या देवळाभोवती फिरत होते. त्यांच्या नोव्हेंबर महिन्याचे नावच बलिदानाचा महिना असे होते, असे बीड सांगतो. कारण त्या महिन्यात जी गुरे मारावयाची ती ते आपल्या देवांस वाहत असत. त्या थंड देशात हिवाळ्यात चारा मिळत नाही. म्हणून जितक्या गुरांस पोसणे शक्य तितकीच ठेवून बाकीची मारावी, व मांस खारवून ठेवावे, हा शेतकऱ्याचा व्यवहारच होता. तोच व्यवहार, तेच भोजन, तोच देव आणि तोच सण अशी ती एक गाठ होती. देव सोडावा तर सण गेला. सण सोडावा तर सबंध गावाशी ताटातूट झाली. आमच्या वाचकांस ही गाठ अनोळखी नाही.

इ. स. ६०१ त ग्रेगरीने मेलिटस, जस्टस, पॉलिनस इत्यादी दुसरी टोळी इंग्लंडास पाठविली. तिच्याबरोबर जून महिन्यात एथेलबर्ट राजास एक पत्र दिले. हे पहिले पत्र. त्यात त्याने राजास आज्ञा केली की, मूर्तींची पूजा दडपून टाकावी, देवळांच्या इमारती पाडून टाकाव्या, आणि उपदेशाने, धाकाने, गोडीने व स्वतःच्या उदाहरणाने प्रजेस सुधारावे.

हे पत्र त्याच्या पूर्वीच्या वागणुकीस धरूनच होते. सार्डिनिया बेटात चर्चच्या जमिनी कसणारी पुष्कळ कुळे अद्याप मूर्तिपूजा करीत होती. इ. स. ५९४ त ग्रेगरीने तेथील बिशपास लिहिले होते की, जो शेतकरी हट्टाने देवाकडे वळत नाही त्याच्यावर खंडाचा बोजा इतका वाढवावा की, त्या त्रासाने तरी तो ठिकाणावर यावा. ज्याने सिसिलीतील कुळांची खोटी मापे बंद केली, त्यानेच सार्डिनियातील कुळांवर धर्मासाठी खंड वाढविण्यास सांगितले! आम्ही हे झाकून ठेवीत नाही. पोटाला चिमटा घेऊन मिळविलेला विश्वास हा विश्वास नव्हे. येथे तो चुकला असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तरी त्याच मनुष्याने दक्षिण फ्रान्समधील दोन बिशपांस यहूद्यांचा जबरीने बाप्तिस्मा करू नये असे लिहिले होते. मार्सेल्सचा बिशप सेरेनस याने आपल्या चर्चमधील चित्रे व मूर्ती लोक पूजितात असे पाहून त्या फोडल्या, तेव्हा ग्रेगरीने पूजा थांबविल्याबद्दल त्याची वाखाणणी केली, पण फोडाफोडीबद्दल दोष दिला. अक्षरे न येणाऱ्यांस चित्रे शिकवितात असे त्याचे मत होते. प्रार्थनामंदिरात मूर्ती ठेवणे आम्हांस मान्य नाही; परंतु वस्तू निराळी आणि तिची पूजा निराळी हा भेद त्याच्या मनात तेव्हापासून घोळत होता, हे लक्षात ठेवावे.

मेलिटस व त्याचे सोबती रोमाहून निघून फ्रँकांच्या देशातून चालले होते. मध्यंतरी ग्रेगरीस त्यांची काहीच बातमी नव्हती. पण त्याचे मन इंग्लंडातच गुंतले होते. राजास दिलेल्या आज्ञेचा तो पुन्हा पुन्हा विचार करीत राहिला. आणि पहिल्या पत्रास सुमारे एक महिना होतो न होतो तोच, जुलै महिन्यात, त्याने मेलिटसच्या मागोमाग दुसरे पत्र धाडिले.

त्या पत्राचा आशय असा. इंग्रजांच्या विषयाचा आपण फार दिवस विचार केला असून आपले मत ऑगस्टीनास कळवावे. देवळे पाडू नयेत. त्यांतील मूर्ती तेवढ्या नष्ट कराव्या. इमारती मजबूत असतील तर त्यांस शुद्ध करून खऱ्या देवाच्या उपासनेस लावाव्या, म्हणजे आपली जागा मोडली नाही असे पाहून लोक त्या ओळखीच्या ठिकाणी अधिक मोकळ्या मनाने येतील. ते आपल्या देवांस पुष्कळ बैल बळी देतात. त्याच्या बदली त्यांना काही सण असला पाहिजे. म्हणून मंदिराच्या प्रतिष्ठेच्या दिवशी किंवा रक्तसाक्ष्यांच्या स्मरणदिनी त्यांनी मंदिराभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालावे व एकत्र जेवावे. गुरे मारावी, पण भुतांसाठी नव्हे. आपल्या भोजनासाठी, आणि सर्व काही देणाऱ्या देवाचे आभार मानून. बाहेरचा काही आनंद राखला म्हणजे आतल्या आनंदाकडे त्यांची मने सहज वळतील. कठीण मनांतून सर्व काही एकदम तोडून काढणे अशक्य आहे; उंच चढणारा उडीने नव्हे, तर पायरीपायरीने चढतो. इस्राएल लोक मिसरातून निघाले तेव्हा देवाने त्यांची यज्ञाची चाल तशीच राखली, मात्र यज्ञ कोणास करावयाचा ते बदलले, असा दाखलाही त्याने दिला.

अर्थात पवित्र पाणी शिंपडणे व संतांच्या अस्थी ठेवणे हेही त्या पत्रात आहे. त्यास शास्त्रात आधार नाही, म्हणून ते आम्ही घेत नाही. परंतु पत्राचा गाभा निराळा आहे. आपले मत चुकले असे वाटताच महिनाभरात ते फिरविण्याची नम्रता ज्या अधिकाऱ्यास असते, तो थोर होय. राजास दिलेली आज्ञा त्याने मोठेपणासाठी धरून ठेविली नाही.

ग्रेगरीला ह्या पत्राचे फळ पाहावयास मिळाले नाही. अखेरच्या वर्षांत संधिवाताने तो बहुतेक अंथरुणासच खिळला होता. तेथूनच तो पत्रे सांगे, गरिबांची विचारपूस करी. देवाच्या सेवकांचा सेवक असे तो स्वतःस म्हणवीत असे. इ. स. ६०४ च्या १२ मार्चला तो मरण पावला.

पुढे काय झाले? हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही, कारण खरी परीक्षा येथेच आहे. ईस्ट अँग्लिया प्रांताचा राजा रेडवाल्ड ह्याने केंटमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण घरी गेल्यावर बायकोच्या व काही गुरूंच्या सल्ल्याने त्याने एकाच देवळात दोन वेद्या ठेविल्या. एक ख्रिस्तासाठी, आणि दुसरी, लहानशी, जुन्या देवांच्या बळींसाठी! ग्रेगरीने सांगितले होते की देऊळ राखा व मूर्ती काढा. रेडवाल्डाने देऊळ राखिले आणि मूर्तीसाठीही कोपरा राखिला. पहिल्या पायरीवर चढून तो तेथेच बसला. जो पायरीवर बसून राहतो त्याने घर गाठले असे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट खुद्द मेलिटसची. तो लंडनचा बिशप झाला होता. तेथील ख्रिस्ती राजा इ. स. ६१६ च्या सुमारास वारल्यावर त्याचे तीन मूर्तिपूजक मुलगे गादीवर आले. ते चर्चमध्ये येऊन मेलिटसला म्हणू लागले की, आमच्या बापास तू जी पांढरी भाकर देत होतास ती आम्हांसही दे. मेलिटसने सांगितले की, बापाप्रमाणे बाप्तिस्मा घ्याल तर देईन. त्यांस बाप्तिस्मा नको होता, भाकर तेवढी पाहिजे होती. मेलिटस हलला नाही. त्यांनी त्याला देशाबाहेर हाकून दिले. वाचकहो, हाच तो मेलिटस, ज्याच्या हाती ते सौम्य पत्र आले होते! बैलांच्या सणाचा मांडव घालू देणारे हात प्रभूच्या भाकरीपाशी घट्ट मिटले. सौम्यपणा कोठवर आणि ठामपणा कोठून, हे त्याला पक्के कळले होते. त्याच सुमारास केंटमध्ये एथेलबर्टचा पुत्र ईडबाल्ड हाही काही काळ जुन्या धर्माकडे वळला होता. सबंध राज्यातील मूर्ती मोडण्याची आज्ञा केंटच्या एका राजाने प्रथम काढली ती इ. स. ६४० नंतर, अर्कनबर्टच्या कारकिर्दीत. म्हणजे ग्रेगरीच्या पत्रानंतर सुमारे ४० वर्षांनी.

आता नाताळविषयी. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून नोंदलेला आढळतो तो रोममधील इ. स. ३५४ च्या एका संग्रहात. आणि त्याच संग्रहाच्या पंचांगात तो दिवस अजिंक्य सूर्याचा जन्मदिन म्हणूनही दिला आहे. सूर्याचा सण मोडून त्या जागी हा सण बसविला असे काही विद्वान म्हणतात. २५ मार्चपासून नऊ महिने मोजून तो ठरविला असे दुसरे म्हणतात. जुने वळण मात्र सहज सुटले नाही हे खास. ग्रेगरीच्या जन्मापूर्वी सुमारे शंभर वर्षे पोप लिओ ह्याने नाताळच्या प्रवचनात तक्रार केली होती की, काही ख्रिस्ती लोक पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढताना मागे वळून उगवत्या सूर्याला नमन करितात. आणि इ. स. ७४२ त जर्मनीतील मिशनरी बोनिफेस ह्याने पोपास लिहिले की, आमचे अडाणी लोक रोमास जाऊन येतात व तेथे नव्या वर्षाचे मूर्तिपूजक तमाशे पाहिल्याचे सांगतात, मग आम्ही त्यांस काय तोंडाने मना करावे?

ह्याच कारणाने आमच्या प्रॉटेस्टंट पूर्वजांपैकी अनेकांनी सणच नको असे ठरविले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला. आणि ज्या कँटरबरीत ऑगस्टीनाने उपदेश केला होता, त्याच शहरात त्या नाताळास दंगा झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेविला होता. तो कायदा १६८१ साली उठला. १८१३ साली मुंबईस शुभवर्तमान घेऊन आलेले अमेरिकन मिशनरी त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आलेले होते. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ सालापासून सुरू झाली. ह्या लोकांची देवभीती खरी होती. तिची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु कायद्याने सण बंद केले म्हणून मने वर चढली नाहीत, हेही इतिहासच सांगतो.

प्रेषित पौलाने रोम व करिंथ येथील मंडळ्यांस हेच शिकविले आहे. कोणी एक दिवस विशेष मानितो, कोणी सर्व दिवस सारखे मानितो; दोघांनीही प्रभूसाठी ते करावे व एकमेकांस तुच्छ मानू नये. मूर्ती काही नाही. तरी मूर्तीच्या मेजावर व प्रभूच्या मेजावर एकाच मनुष्याने बसता येत नाही. आणि आपल्या मोकळेपणाने दुबळ्या भावास ठेच लागत असेल तर आपण तो मोकळेपणा सोडावा.

तेव्हा आमच्या मंडळ्यांनी तीन गोष्टी पाहाव्या असे आम्हांस वाटते. पहिली: मान कोणास दिला जातो? जेथे पूजा, नैवेद्य, नवस किंवा आरती आहे तेथे रेडवाल्डची दुसरी वेदी आहे; तेथे ख्रिस्ती मनुष्याचा हात जाऊ नये, मग गाव रागावो की हसो. दुसरी: पाहणारा काय समजतो? माझी पणती केवळ उजेडासाठी आहे हे मला ठाऊक असेल. पण कालच बाप्तिस्मा घेतलेल्या माझ्या भावास ती जुन्या वाटेने परत नेत असेल, तर ती मी त्याच्यासाठी विझवीन. उलट, ज्याने विचारपूर्वक ती लाविली त्याला मी धर्मभ्रष्ट म्हणणार नाही. तिसरी: आनंद कोणाच्या घरी पोहोचतो? ग्रेगरीने जेवणाचा मांडव मंदिराभोवती घालावयास सांगितला, तो सर्वांनी मिळून बसावे म्हणून. ज्या नाताळात कर्ज काढून नवे कपडे होतात, दारू येते आणि शेजारची विधवा उपाशी निजते, तो नाताळ शुद्ध ख्रिस्ती असला तरी मूर्तिपूजकच आहे.

आमच्या पुष्कळ मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. नव्या पिकाचे पहिले धान्य, भाजीपाला, कोंबडी, अंडी लोक प्रार्थनामंदिरात आणून देवाचे उपकार मानितात. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग व भजन टाकून दिले नाही. त्यांतून ख्रिस्ताचे नाव गाईले. ग्रेगरीने दुसऱ्या पत्रात जे सांगितले ते हेच होय. आनंद मोडू नका. त्याचा धनी बदला. बैलास विसावा देणे हे पाप नाही. बैल देणाऱ्यास विसरून बैलापुढे हात जोडणे हे पाप आहे.

मात्र एक गोष्ट कधीही विसरू नये. ग्रेगरीने पायऱ्या सांगितल्या त्या चढण्यासाठी सांगितल्या. गतवर्षी ज्या पायरीवर आपण उभे होतो त्याच पायरीवर यंदाही असू, तर आपल्या सौम्यपणाचे नाव आळस आहे. आणि ज्याने आपल्या खालच्या पायरीवरील भावास हात न देता वरूनच दटाविले, त्याच्या कडकपणाचे नाव गर्व आहे. येत्या सणाच्या दिवसांत प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्या माणसांस जवळ बसवून ह्या तीन गोष्टींवर शांतपणे विचार करावा, ज्यांच्याशी ह्या कारणाने बोलणे तुटले असेल त्यांच्या घरी आधी जावे, आणि मग प्रभूचे आभार मानून एकत्र भाकरी मोडावी. तो आपणां सर्वांस वर चढण्याचे बळ देवो.